रुंद मडगार्ड, पण चाक कोणते?

जुन्या पोर्श ९११ला टर्बोची रुंद मडगार्ड चढवली की पहिला प्रश्न हमखास येतो, ‘स्पेसर किती मिलिमीटरचा घालू?’ प्रश्नाचे कारण समोरच दिसत असते. पत्रा बाहेर आला, चाक मात्र जुन्याच जागी राहिले. कमानीखाली अख्खी मूठ जाईल एवढी पोकळी पडली आणि गाडीचा सगळा रुबाब त्या पोकळीत गेला. ती भरून काढण्याचा सर्वांत स्वस्त आणि झटपट उपाय म्हणजे हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो आसाचा भाग, आणि चाक यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची जाड चकती घालणे. हीच चकती म्हणजे स्पेसर.

स्पेसर वाईट नसतो. खुद्द पोर्शनेच ९३० टर्बोच्या मागच्या चाकांमागे कारखान्यातून स्पेसर बसवून गाड्या विकल्या आहेत. चुकतो तो प्रश्नांचा क्रम. आधी टायर ठरायला हवा, त्याला पेलणारे चाक ठरायला हवे, ते चाक हबपासून आत आणि बाहेर किती जाणार हे मोजायला हवे. एवढे झाल्यावर जो थोडा फरक उरेल, तेवढाच स्पेसरच्या वाट्याला यावा. हा क्रम का पाळायचा, हे समजून घ्यायला ९११इतके चांगले उदाहरण नाही. या गाडीचा सांगाडा वर्षानुवर्षे जवळपास तोच राहिला आणि चाके मात्र दर काही वर्षांनी रुंदावत गेली.

पत्रा बाहेर का आला?

१९६३च्या फ्रँकफर्ट मोटार प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली तेव्हा तिची रुंदी होती १६१० मि.मी. आणि चाके होती साडेचार इंच रुंदीची. इंजिन मागच्या आसाच्याही मागे टांगलेले असल्यामुळे वजनाचा मोठा वाटा मागच्या चाकांवर येत होता. ताकद वाढत गेली तसे मागच्या टायरवरचे ओझे वाढले. वळणात मागची बाजू निसटू नये म्हणून मागे जास्त रबर हवे होते.

त्याचे उत्तर १९७३च्या कॅरेरा आरएस २.७ने दिले. पुढे ६ इंची आणि मागे ७ इंची चाके, टायर पुढे १८५/७० आणि मागे २१५/६०. रस्त्यावरच्या ९११ला पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या रुंदीची मिळाली ती इथून. ७ इंची चाक जुन्या मडगार्डात मावेना, म्हणून मागच्या चाकांपाशी गाडीचे अंग ४२ मि.मी.ने रुंद केले गेले. १६१०मध्ये ४२ मिळवा, १६५२ होतात. पुढे ९११ एससी आणि ३.२ लिटर कॅरेरा यांची रुंदी हीच राहिली.

याच आरएसवरून शर्यतीसाठी घडवलेली आरएसआर आणखी फुगली. तिला पुढे ९ इंची आणि मागे ११ इंची चाके होती. १९७३ मध्ये तिने डेटोनाची २४ तासांची शर्यत आणि टार्गा फ्लोरिओ, दोन्ही जिंकल्या. तिचा रुंद कमरेचा देखावा रस्त्यावर आला तो १९७४च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेल्या टर्बोच्या रूपाने. ही टर्बो म्हणजेच ९३०. हिची रुंदी १७७५ मि.मी. पुढे लोकांना टर्बोचे इंजिन नको, पण अंग हवे असे वाटू लागले, तेव्हा पोर्शने ३.२ कॅरेरावर ‘टर्बो लुक’ हा पर्याय देऊ केला. त्याचा अंतर्गत क्रमांक एम ४९१. आजही अनेक जण अरुंद अंगाच्या ९११वर हीच मडगार्ड बसवून घेतात.

या सगळ्या वाटचालीत एक गोष्ट लक्षात घ्यावी. आधी ताकद वाढली, मग टायर रुंदावला, टायरसाठी चाक रुंदावले आणि चाकासाठी पत्रा बाहेर काढावा लागला. मडगार्ड सर्वांत शेवटी आले. हौशी माणसाचे काम नेमके उलट्या टोकाकडून सुरू होते. त्याच्याकडे मडगार्ड आधी येते आणि त्यात मावेल असे चाक नंतर शोधावे लागते. म्हणूनच त्याला मोजमापाची जास्त गरज असते.

चाकावरचे आकडे

कोणत्याही चाकाच्या मागच्या बाजूला काही आकडे कोरलेले असतात. उदाहरणार्थ, ‘७ जे × १६’ आणि ‘ईटी २३.३’. यातले ७ म्हणजे रिमची इंचातली रुंदी. ही रुंदी टायरची कड जिथे टेकते त्या दोन जागांमधली असते, रिमच्या बाहेरच्या काठांपर्यंतची नव्हे. चाक जमिनीवर ठेवून बाहेरून पट्टी लावली तर साधारण इंचभर जास्तच भरते. ‘जे’ म्हणजे रिमच्या काठाचा आकार, १६ म्हणजे व्यास.

खरी गोम ‘ईटी’मध्ये आहे. या दोन अक्षरांमागचा जर्मन शब्द आतली खोली सांगतो. आपण त्याला ऑफसेट म्हणतो. चाकाच्या रुंदीचा बरोबर मध्य घ्या. चाक हबला जिथे टेकते ती सपाट जागा या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेर आहे, तो आकडा म्हणजे ईटी. ईटी जेवढा मोठा, तेवढे चाक गाडीच्या आत शिरते. ईटी जेवढा लहान, तेवढे ते बाहेर येते. शून्याखाली गेला तर चाकाचा मध्यच हबच्या बाहेर पडतो.

याशिवाय दोन मापे जुळावीच लागतात. नट बसणाऱ्या भोकांचे वर्तुळ, जे ९११मध्ये पाच भोकांचे आणि १३० मि.मी. व्यासाचे असते, आणि मधले मोठे भोक, जे ७१.६ मि.मी. असते. ही दोन मापे जुळत नसतील तर पुढचा हिशेबच करू नये.

आता हिशेब. रुंदी मिलिमीटरमध्ये आणा, म्हणजे इंचाला २५.४ने गुणा. तिचा निम्मा घ्या. त्यात ईटी मिळवला की हबपासून आत जाणारे अंतर मिळते आणि ईटी वजा केला की बाहेर येणारे अंतर मिळते. एवढ्या दोन ओळींच्या गणितात बहुतेक घोटाळे सुटतात.

११२.२

हे गणित ९११च्या प्रसिद्ध फुक्स चाकांवर करून पाहण्यासारखे आहे. जर्मनीतल्या माइनर्त्सहागेनच्या ओटो फुक्स कंपनीने घडवलेली, पाच पाकळ्यांची ही फोर्ज्ड ॲल्युमिनियमची चाके १९६६ मध्ये ९११ एसवर आली आणि पुढची दोन दशके गाडीची ओळख बनून राहिली.

६ इंची फुक्सचा ईटी ३६. निम्मी रुंदी ७६.२. आत जाते ११२.२ मि.मी., बाहेर येते ४०.२.

७ इंचीचा ईटी २३.३. निम्मी रुंदी ८८.९. आत ११२.२, बाहेर ६५.६.

८ इंचीचा ईटी १०.६. निम्मी रुंदी १०१.६. आत पुन्हा ११२.२, बाहेर ९१.

ईटीचे हे आकडे सुटे पाहिले तर विचित्र वाटतात. ३६, २३.३, १०.६ यांत काही संगती दिसत नाही. हबपासून मोजले की ती लख्ख दिसते. चाक ६चे ७ झाले, ७चे ८ झाले, तरी आतली कड एक सूतही हलली नाही. वाढलेला प्रत्येक इंच पूर्णपणे बाहेरच्या बाजूला गेला. आतल्या बाजूला सस्पेन्शनचे भाग, ब्रेकच्या नळ्या, शॉकॲब्सॉर्बर. तिथे चाकाला किती जागा आहे हे ठरलेले होते, आणि त्या मर्यादेला धक्का न लावता रुंदी वाढवली गेली. बाहेर जागा नव्हती तिथे पत्रा वाढवला. आरएसचे अंग प्रत्येक बाजूला २१ मि.मी.ने रुंदावले ते बाहेरच्या या २५.४ मि.मी.साठीच.

९ इंची फुक्सपाशी मात्र हा नियम मोडतो. त्याचा ईटी १५ आहे. आत १२९.३, बाहेर ९९.३. म्हणजे बाहेर ते ८ इंचीपेक्षा जेमतेम ८ मि.मी. जास्त येते, पण आत तब्बल १७ मि.मी. जास्त शिरते. ‘९ इंची म्हणजे जास्त रुंद, म्हणजे मडगार्ड भरणार’ असे समजून ही चाके विकत घेणाऱ्याची इथे फसगत होते. चाक रुंद असते, पण त्याची वाढलेली रुंदी बहुतेक आतच जाते. मडगार्डची पोकळी तशीच राहते आणि आतली कड कशाला तरी टेकायला लागते.

म्हणून चाक निवडताना पहिला प्रश्न आतल्या कडेचा. आपल्या गाडीत हबपासून आत किती जागा आहे? तो आकडा एकदा हाती आला की बाकीची निवड त्याच्याभोवती करता येते.

एक उदाहरण हिशेबाने

समजा, एससीवर टर्बोची मागची मडगार्ड बसवली. एससीची रुंदी १६५२, टर्बोची १७७५. फरक १२३ मि.मी., म्हणजे एका बाजूला ६१.५. मूळ ७ इंची चाक हबपासून ६५.६ मि.मी. बाहेर येत होते. नव्या मडगार्डात तोच देखावा हवा असेल तर रिमची बाहेरची कड साधारण १२७ मि.मी.वर यायला हवी. तिथे पोहोचण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग, जुनेच ७ इंची चाक ठेवून मागे ६१ मि.मी.चा स्पेसर. कड जागेवर येते, पण रबर एक तसूभरही वाढत नाही. चाकाचा मध्य ६१ मि.मी.ने बाहेर फेकला जातो आणि त्या बदल्यात पकड काहीच मिळत नाही. हा मार्ग सोडून द्यावा.

दुसरा मार्ग, ९ इंची ईटी १५ आणि २८ मि.मी.चा स्पेसर. बाहेरची कड येते १२७.३वर. आतली कड १२९.३वरून १०१.३वर येते, म्हणजे मूळच्या ११२.२पेक्षाही ११ मि.मी. मोकळी. चाकाचा मध्य मूळ जागेपासून ३६ मि.मी. बाहेर जातो, पण बदल्यात रिम २ इंच रुंद मिळते.

तिसरा मार्ग, चाकच मापाचे करून घेणे. आतली कड ११२.२ आणि बाहेरची १२७, बेरीज २३९ मि.मी., म्हणजे जवळपास साडेनऊ इंच. साडेनऊ इंची चाक, ईटी उणे ८. स्पेसरच लागत नाही. तीन तुकड्यांची, बोल्टने जोडलेली चाके यासाठीच असतात. १९७० मध्ये जर्मनीतल्या शिल्टाखला सुरू झालेल्या बीबीएससारख्या कंपन्यांनी ही पद्धत शर्यतींतून पुढे आणली. मधला भाग तोच ठेवून आतली आणि बाहेरची रिम वेगवेगळ्या रुंदीची घेता येते, त्यामुळे ईटी हवा तसा मिळतो. आत थोडी जास्त जागा मोजून मिळाली, तर १० इंची ईटी शून्यही चालते. त्यात आत १२७ आणि बाहेर १२७ असा सरळ हिशेब असतो.

हे आकडे कागदावरचे आहेत. टर्बोचे मागची चाके धरणारे ट्रेलिंग आर्म एससीपेक्षा वेगळे होते. टर्बोवर जे चाक आणि जो स्पेसर बसतो, तोच एससीवर तसाच बसेल असे धरून चालू नये. मडगार्ड फायबरची असतील आणि हाताने बसवली असतील, तर डाव्या आणि उजव्या बाजूतही काही मिलिमीटरचा फरक निघतो. कागद दिशा दाखवतो, माप मात्र आपल्याच गाडीचे घ्यावे लागते.

बेअरिंगला स्पेसर दिसत नाही

स्पेसरबद्दलचा सर्वांत पसरलेला समज असा की तो बेअरिंग खातो. यातले अर्धे खरे आणि अर्धे खोटे आहे, आणि खोटा भागच लोकांना चुकीच्या निर्णयाकडे नेतो.

बेअरिंगवर येणारा ताण ठरतो तो टायर जमिनीला टेकतो ती जागा बेअरिंगपासून किती बाहेर आहे यावरून. ती जागा बाहेर गेली की तरफेची लांबी वाढते आणि बेअरिंगवरचा वाकवणारा भार वाढतो. ती कशामुळे बाहेर गेली याच्याशी बेअरिंगला काही देणेघेणे नसते. ईटी १५च्या चाकामागे २८चा स्पेसर घातला, किंवा ईटी उणे १३चे चाक स्पेसरशिवाय बसवले, तरी बेअरिंगला दोन्ही सारखेच. ‘स्पेसर नको, म्हणून मी उणे ऑफसेटचे चाक घेतले, आता बेअरिंगची चिंता नाही’ हा दिलासा फसवा आहे.

खरा बचाव रुंदीत आहे. ७ इंची चाकाने मडगार्ड भरायचे तर मध्य ६१ मि.मी. बाहेर जातो. साडेनऊ इंचीने भरायचे तर ३१ मि.मी.वर भागते. बाहेरची कड दोन्ही वेळा एकाच ठिकाणी, पण भार मात्र वेगळा. म्हणूनच पोकळी शक्य तितकी रिमच्या रुंदीने भरावी.

मध्य बाहेर गेल्याचे आणखी दोन परिणाम होतात. पहिला म्हणजे स्प्रिंग मऊ वाटू लागते. चाक सांध्यापासून लांब गेले की तेवढ्याच भाराने स्प्रिंग जास्त दबते. तरफेची लांबी ५ टक्के वाढली तर चाकापाशी जाणवणारा ताठपणा सुमारे ९ टक्के घटतो, कारण इथे लांबीचा वर्ग लागू होतो. दुसरा परिणाम पुढच्या चाकांवर होतो, आणि तो स्टिअरिंगला हात लावताच कळतो. पुढचे चाक एका कलत्या अक्षाभोवती वळते. तो अक्ष जमिनीला जिथे भेदतो आणि टायरचा मध्य जिथे टेकतो, त्यांतले अंतर वाढले की खड्ड्याचा प्रत्येक धक्का हातात येतो, रस्त्यावरच्या चाकोऱ्या गाडीला ओढतात आणि एका बाजूच्या चाकाला ब्रेक जास्त लागला तर स्टिअरिंग झटका देते. मागे २८ मि.मी. चालून गेले म्हणून पुढेही तेवढेच चालेल असे नाही. पुढच्या बाजूला स्पेसर कमीत कमी ठेवणे शहाणपणाचे.

स्पेसर घ्यायचाच, तर

हिशेबाअंती २०-२५ मि.मी.चा फरक उरला आणि स्पेसर घ्यावा लागला, तर तो गाडीच्या सुरक्षिततेचा भाग आहे हे समजून घ्यावा. चाक गाडीला धरून ठेवणारी साखळी आता एका कडीने वाढलेली असते.

स्पेसर दोन प्रकारचे. एकात चकती नुसती हब आणि चाक यांच्यामध्ये दाबली जाते आणि गाडीचेच लांब स्टड तिच्यातून चाकापर्यंत येतात. दुसऱ्यात चकती आधी हबला नटांनी घट्ट बसते आणि चाक चकतीच्याच वेगळ्या स्टडवर बसते. दुसऱ्या प्रकाराला ठरावीक जाडी लागतेच, कारण आतल्या नटांची डोकी चकतीच्या पृष्ठभागाखाली राहायला हवीत आणि हबच्या मूळ स्टडची टोके चाकाला टेकता कामा नयेत. ती टेकली तर चाक चकतीवर सपाट बसतच नाही, आणि नट कितीही आवळले तरी ते ढिले होत जातात.

पहिल्या प्रकारात स्टडची लांबी जीव की प्राण. ९११चा स्टड १४ मि.मी. जाडीचा, दीड मि.मी. आट्याचा. नट किमान स्टडच्या जाडीइतका आत गेला पाहिजे, म्हणजे नऊ-दहा फेरे. चाचणी सोपी आहे. गाडी स्टँडवर ठेवा, चाक लावा, नट हाताने फिरवत फेरे मोजा. चार-पाच फेऱ्यांतच नट टेकला तर स्टड लांब हवेत. गाडी तशी रस्त्यावर नेऊ नये.

नटाचा चेहराही पाहावा. पोर्शच्या नटाचे टेकणारे टोक गोलाकार असते, चेंडूच्या पाठीसारखे. बाजारातल्या बहुतेक नटांचे टोक शंकूसारखे तिरके असते. तिरका नट गोल खाचेत अगदी अरुंद कडेवर टेकतो. आवळताना घट्ट वाटतो आणि काही दिवसांत सैल होतो. चाक दुसऱ्या कंपनीचे असेल तर त्या चाकाची खाच ज्या आकाराची, तोच नट घ्यावा.

चाक मध्यावर बसवण्याचे काम हबची उंच गोल कड करते. जाड स्पेसरला स्वतःची अशी कड असते, आतून हबवर आणि बाहेरून चाकात बसणारी. पाच-सात मि.मी.ची पातळ चकती मात्र हबची कड झाकू शकते, आणि तिला स्वतःची कड नसते. मग चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यावर येते आणि वेग वाढला की स्टिअरिंग थरथरते. दोन स्पेसर एकावर एक रचणे तर पूर्ण टाळावे.

बसवताना हबचा चेहरा तारेच्या ब्रशने स्वच्छ करावा. गंज, जुना रंग, ग्रीसचा थर यांपैकी काहीही मध्ये राहिले तर ते काही दिवसांत दबते आणि नटाचा ताण उतरतो. नट टॉर्क पान्यानेच, चांदणीच्या क्रमाने आवळावेत. ९११साठी हा आकडा १३० न्यूटन-मीटर आहे. आणि ५०-१०० किलोमीटर चालवून झाल्यावर पुन्हा एकदा पाना लावावा.

टायर फुगतो, रिम नाही

वरचा सगळा हिशेब रिमच्या कडेचा आहे. मडगार्डला घासतो तो मात्र टायर. २१५/६०चा टायर ७ इंची रिमवर बसला की त्याच्या बाजू रिमच्या कडेबाहेर साधारण २० मि.मी. फुगलेल्या असतात. २४५/४५चा टायर ९ इंची रिमवर मात्र ताणला जातो, त्याचा फुगवटा १३ मि.मी.च्या आसपास राहतो. म्हणजे रिमची कड ६१ मि.मी. बाहेर आली तरी टायरची पाठ ५३-५४ मि.मी.च बाहेर येते. हातात सात-आठ मि.मी. शिल्लक राहतात. हे सात-आठ मि.मी. स्पेसर वाढवून भरून टाकण्याचा मोह होतो. ते मोकळे सोडावेत, कारण वळणात टायरची भिंत कलते आणि तिला तेवढी जागा लागतेच.

व्यासही तपासावा. २०५/५५चा १६ इंची टायर सुमारे ६३२ मि.मी. उंच, २२५/५०चा ६३१, २४५/४५चा ६२७. हे सगळे एकमेकांच्या जवळ आहेत, म्हणून स्पीडोमीटर फार चुकत नाही. रुंदी वाढवताना टायरची उंचीची टक्केवारी कमी होत गेली ती यासाठीच.

माप कसे घ्यावे?

कागदावरचे आकडे गाडीवर उतरवायला फार साधने लागत नाहीत. गाडी सपाट फरशीवर उभी करा. मडगार्डच्या सर्वांत बाहेरच्या कडेवरून ओळंबा सोडा. चाक काढा, हबच्या चेहऱ्यावर सरळ पट्टी धरा आणि ओळंब्याच्या दोऱ्यापर्यंतचे अंतर घ्या. हे झाले बाहेरचे माप. मग हबच्या चेहऱ्यापासून आत सर्वांत जवळ काय येते ते पाहा. शॉकॲब्सॉर्बर, ब्रेकची नळी, आतला पत्रा, यांपैकी जे पहिले लागेल तिथपर्यंतचे माप म्हणजे आतली मर्यादा. चारही चाकांवर वेगवेगळे माप घ्यावे आणि लिहून ठेवावे.

पण उभ्या गाडीचे माप अर्धेच असते. चाक वर-खाली होते, पुढचे चाक वळतेही. मागचे चाक जॅकने हळूहळू वर उचलत नेले की ते वर जाताना त्याचा वरचा भाग आत कलतो. ९११च्या मागच्या सस्पेन्शनची ही ठेवण इथे मदतीला येते. उभ्या गाडीत मडगार्डच्या रेषेत दिसणारा टायर दबल्यावर कडेच्या आत सरकू शकतो. पुढच्या चाकांना अशी सवलत फारशी नसते. तिथे स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून, चाक वर उचललेले असताना, टायरचा पुढचा कोपरा बंपरजवळच्या पत्र्याला आणि मागचा कोपरा दाराकडच्या पत्र्याला लागतो का ते पाहावे. चाक जितके बाहेर, तितका त्याचा वळतानाचा फेरा मोठा. सरळ उभे असताना छान बसलेले चाक वळल्यावर घासते ते याचमुळे.

शेवटची खात्री करायला मुलांच्या खेळातली मऊ माती उपयोगी पडते. मडगार्डच्या आत दुमडलेल्या कडेवर बोटभर जाडीचे गोळे जागोजाग दाबून लावा. गाडीत माणसे बसवून, पेट्रोल भरून, एखादा उंच गतिरोधक आणि एक कडक वळण घेऊन या. गोळ्यांवर टायरचा ठसा उमटला असेल तिथे किती माती उरली ते व्हर्निअरने मोजा. ८-१० मि.मी. उरली असेल तर निश्चिंत. दोन-तीन मि.मी.च उरली असेल, तर कड आत दुमडून घ्यावी लागेल. पत्र्याच्या मडगार्डवर हे काम करताना रंग आधी गरम हवेने मऊ करतात आणि मग रोलरने कड हळूहळू चढवतात. थंड पत्र्यावर घाई केली की रंग तडकतो आणि तिथूनच गंज शिरतो.

कायद्याची कड

जर्मनीत चाक किंवा स्पेसर बदलला की बहुतेक वेळा तो मान्यताप्राप्त तपासणी संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. मडगार्ड किती असावे याचेही युरोपात जुने नियम आहेत. चाकाच्या केंद्रापासून ३० अंश पुढे आणि ५० अंश मागे एवढ्या पट्ट्यात टायरची पूर्ण रुंदी मडगार्डने झाकलेली असावी, असे ते नियम सांगतात. टायर मडगार्डबाहेर डोकावता कामा नये, याचे हे मोजता येणारे रूप आहे. मागच्या गाडीच्या काचेवर खडे उडू नयेत, हाच त्यामागचा विचार.

भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ अधिक कडक आहे. उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असे बदल वाहनात करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्टपणे मांडली. मुंबई-पुण्यात जपलेल्या जुन्या स्पोर्ट्स कारचे अंग रुंद करण्याचा विचार असेल, तर पत्र्याला हात लावण्याआधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी. विमा कंपनीलाही कळवावे. अपघातानंतर नोंद नसलेला स्पेसर निघाला तर दावा अडकण्याची शक्यता असते.

क्रम पाळला तर

मडगार्ड अजून विकत घेतली नसतील, तर तुम्ही नशीबवान आहात. तुम्हाला १९७३च्या क्रमानेच जाता येईल. टायर ठरवा, त्याला साजेशी रिम ठरवा, आतली कड पक्की करा, बाहेरची कड किती येते ते काढा आणि तेवढेच रुंद मडगार्ड घ्या. कित्येक ९११ना टर्बोच्या अंगाची गरजच नसते. आरएसएवढे २१ मि.मी.चे फुगीर मडगार्ड आणि ७ किंवा ८ इंची चाक एवढ्यावर त्या उत्तम चालतात, दिसतातही देखण्या.

मडगार्ड आधीच बसली असतील, तर पैसा चाकावर खर्च करावा, स्पेसरवर बचत करू नये आणि दोन्हींच्या आधी एक दिवस मोजमापाला द्यावा. रुंद मडगार्डचा रुबाब खरा ठरतो तो त्याच्या आत त्या रुंदीला काम देणारे रबर असेल तेव्हाच. चकती घालून बाहेर ढकललेले अरुंद चाक फक्त पोकळी झाकते. मापाने निवडलेले रुंद चाक वळणात गाडी धरून ठेवते, आणि मडगार्ड रुंद झाली ती मुळात त्याच कामासाठी.